दादाच्या गाडीचं कुलूप

मंगळवार, १४ डिसेंबर १९५४. आजचं काम: तुझ्या गाडीचं कुलूप उघडणं. साधनं: रॉकेलची बाटली, कोंबडीचं पीस, सायकलीचं तेल, तुझी पितळी किल्ली आणि कासमभाई मिस्त्री.

दादा, तुला जाऊन आज बावीस दिवस झाले. तेराव्यानंतर लोकांनी विचारलं, आता नर्सबाई काय करणार? मी म्हटलं, जे करत होते तेच करणार, बाळंतपणं. मग विचारलं, गाडीचं काय? गाडी घरापुढच्या खळ्यात, पाठ गडग्याच्या दगडी कुंपणाला, रस्त्याकडे तोंड करून उभी. तू शेवटची लावलीस तशीच, रिव्हर्समध्ये. गिअरचा दांडा हलत नाही, इंजिन पेटत नाही, किल्ली फिरत नाही. आठ दिवस मी त्या कुलपाशी झगडते आहे. अंगाला, लुगड्याला, भाताच्या घासालासुद्धा रॉकेलचा वास येतो. तुझ्यासाठी रडायला बसावं म्हटलं तरी आधी हात धुवायला उठावं लागतं.

तुझ्या माघारी लोकांनी त्या गाडीची जी काही गत केली, ती सांगते. दहाव्याला कुणीतरी स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली. शेजारच्या काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "गाडीनं धन्याचं सुतक धरलंय गो. बघ कशी गप उभी आहे." मी म्हटलं, "काकू, ती अठ्ठावीस सालची आहे. अर्धा वेळ ती गपच असते." त्यांना ते आवडलं नाही. दुसऱ्या एकाने सुचवलं, देवीला कौल लावा, कुलूप कधी उघडेल ते मूर्तीवरून पडणारी पाकळी सांगेल. दादा, मी बाळंतिणीच्या घरात सगळं पाहिलेली बाई. रक्त, घाण, नासलेली वार, काही म्हणजे काही मला मळमळवत नाही. पण त्या माळेचा सडका वास आणि त्यावर ही भाविक बोलणी, याची मला खरोखर किळस आली. माळ ओढून काढली आणि माडाच्या आळ्यात टाकली.

हे कुलूप मुळात काय आहे, ते मला तू नव्हे, कासमभाईंनी सांगितलं. तीन वर्षं मी तुझ्या शेजारी बसले, आणि मला माहिती काय, तर "किल्ली फिरवली की गाडी सुटते." कासमभाईंनी खाली वाकून, बॅटरी मारून दाखवलं. दांड्याच्या बुडाशी कुलूप. त्यातून एक खिटी निघते आणि गिअरच्या सळईतल्या खाचेत बसते, म्हणून दांडा जागचा हलत नाही. त्याच कुलपातून इंजिनाची वीज जाते, आणि ती तार लोखंडी नळीत घातलेली, म्हणजे चोराने तोडून जोडू नये. एका किल्लीत दोन्ही कामं. इंजिन बंद करायचं तर कुलूप लावावंच लागतं, आणि कुलूप उघडल्याशिवाय इंजिन पेटतच नाही. खाचा दोनच: एक न्यूट्रलची, एक रिव्हर्सची. आपला हातब्रेक नावापुरता, म्हणून तू नेहमी रिव्हर्सची घ्यायचास.

"ज्यानं बनवला तो डोक्याचा माणूस," कासमभाई म्हणाले. "पण नर्सबाय, आता हा तोडायचा तर गिअरच्या पेटीचा झाकण काढावा लागेल. तार कापावी लागेल. त्यात सळईला इजा झाली तर सामान मुंबईसून. मिळाला तर."

"किती दिवस?"

"महिना धरा."

महिना मला नव्हता. जुबेदाला नव्हता.

जुबेदा तुला आठवते ना? आठवतेच. तिच्याच निरोपावर तू उठलास. हातखंब्याच्या अलीकडे आत, उतारावरची ती मुसलमानांची वाडी. नवरा बोटीवर, घरात सासू अमिनाबी. दोन पोरं गेलेली: पहिलं आडवं होतं, दुसरं मी पोचायच्या आधीच गुदमरलं. त्या दुसऱ्या वेळी आपल्याकडे गाडी नव्हती, मी बैलगाडीने गेले होते. मी परत आले तेव्हा तू माझं तोंड बघितलंस आणि त्याच महिन्यात ही जुनी गाडी विकत घेतलीस. ते मी विसरलेले नाही. तुझ्या चांगुलपणाचा हिशेब मी बुडवणार नाही. फक्त आज तो माझ्या रागाच्या खाली दबलाय, एवढं समजून घे.

आता हे तिसरं. सातव्या महिन्यात तपासलं तेव्हाही पोर आडवंच. मी तिच्या हातात हात देऊन सांगितलं होतं, "या वेळी मी वेळेवर येईन." दिवस भरत आलेत. वाडीपासून एस्टीच्या थांब्यापर्यंत दीड कोस चढ, तो तिने या स्थितीत चढायचा नाही. बैलगाडीच्या धक्क्यांत मी तिला घालणार नाही. उरली ही गाडी. आणि गाडी तुझ्या किल्लीत अडकलेली.

तुझी सगळ्यात जास्त चीड मला कशाची आली, सांगू? तुला गाडी चालवायला शिकवता येत होतं. फार छान येत होतं. वरच्या मोकळ्या सड्यावर नेऊन, कातळावर चुन्याने रेघा ओढून तू मला क्लच शिकवलास. "कुशे, पाय दोनदा दाब. पहिल्यांदा विचार, दुसऱ्यांदा गिअर घाल. न विचारता घातलास तर पेटी बोंबलते." गुराखी हसायला जमले तेव्हा तू त्यांना म्हणालास, "हसा, हसा. उद्या तुमच्या बायका अडल्या की हीच येणार आहे." माझ्या लायसनासाठी तू कचेरीत तीन खेपा घातल्यास. साहेब म्हणाला बाईमाणूस कशाला, तर त्याला म्हणालास, "साहेब, तुम्हाला जन्म कोणी दिला? बाप्या माणसानं?" सगळं दिलंस. कुलूप तेवढं स्वतःकडे ठेवलंस.

रोज सकाळी तेच. तू गाडीच्या मागे जायचास. गडग्याला पाय, मडगार्डाला पाठ, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचास. मग मागच्या चाकाशी पायाने काहीतरी सारायचास, पुढे येऊन बसायचास आणि किल्ली लोण्यासारखी फिरायची. मी एकटी प्रयत्न करायची तेव्हा ती दगडासारखी. मी विचारलं, "काय म्हणतोस मागे जाऊन?"

"तिला विचारतो, येतेस का."

"थट्टा नको. मला दाखव."

"तुला नाही जमायचं. हे हातात असावं लागतं."

"काय असावं लागतं हातात?"

"ते सांगायचं नसतं गो. सांगितलं की गुण जातो."

आणि हसलास. मला तेव्हाच तुझ्या तोंडावर आबा दिसले. आपले आबा काविळीचं औषध द्यायचे. उजाडायच्या आत एकटे सड्यावर जायचे, कसला तरी पाला आणायचे, दार लावून वाटायचे. लांज्यापासून माणसं यायची. आपण दोघांनी किती वेळा विचारलं. उत्तर एकच, सांगितलं की गुण जातो. शेवटी लकवा झाला, वाचा गेली, आणि पाल्याचं नाव त्यांच्याबरोबर गेलं. नंतर वर्षभर पिवळ्या डोळ्यांची माणसं आपल्या पायरीवर येऊन बसायची आणि परत जायची. नर्स म्हणून मला आज ठाऊक आहे की बरीच कावीळ आपोआप उतरते. त्या पाल्यात फार काही असेल असं मला वाटत नाही. पण तेव्हा सगळ्यात जास्त संतापला होतास तू. पायरीवर उभा राहून म्हणालास, "म्हाताऱ्यानं गावाला फसवलं. लोकांनी यावं, हात जोडावेत, एवढ्यासाठी पाला लपवला." बावीस वर्षांचा होतास. माझा तुझ्याबद्दलचा अभिमान त्या दिवशीचा आहे.

आणि पन्नाशीत तू तेच केलंस. पाल्याच्या जागी कुलूप.

मी तुला किती वेळा म्हटलं, हे काढून टाकू, साधा खटका बसवू. तू म्हणायचास, चोर नेतील. "चोर?" मी म्हणायची, "अरे, चोरालाही काही अब्रू असते. ही गाडी घेऊन तो कुठे मिरवणार?" तू दोन दिवस रुसायचास. मग एखादा निरोप यायचा, आपण निघायचो, आणि वाद तिथेच पडायचा. तसा पडलेला वाद आता माझ्या एकटीच्या गळ्यात आहे.

हेही लिहिते, नाहीतर माझं लिहिणं खोटं होईल. मी आत बाळंतपण करत असताना तू तासन् तास बाहेर थांबायचास. तहान लागली तरी कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाहीस. मी बाहेर आले की एकच शब्द विचारायचास, "दोघं?" मी मान हलवली की तू कुठेतरी तोंड फिरवून नाक शिंकरायचास. एकदाच मी मान हलवली नाही. तेव्हा घरी आल्यावर तू स्वतः चूल पेटवून मला आंघोळीला पाणी तापवून दिलंस. असा माणूस. आणि असा माणूस दोन वाक्यं पोटात ठेवून मेला, याने मला वेड लागायची पाळी आली आहे.

आज दुपारी ती दोन वाक्यं मला सापडली.

मी पुढे बसून किल्लीशी खेळत होते. कासमभाई सकाळपासून गाडीखाली पडून वैतागले होते. बाहेर आले, कंबर धरली, म्हणाले, "या गाडीनं माझी पाठ घेतली." आणि गडग्याला पाय लावून, मडगार्डाला पाठ टेकून त्यांनी एक जोरात आळस दिला. गाडी बोटभर पुढे सरली. माझ्या हातातली किल्ली अर्धी फिरली.

"कासमभाई, तसेच राहा!"

"काय झाला?"

"हलू नका. पाठ तशीच लावा."

किल्ली पूर्ण फिरली. खाली खट्ट झालं. दांडा सुटला.

मी खरं मानलं नाही. किल्ली उलटी फिरवून कुलूप लावलं, त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. किल्ली दगड. पुन्हा पाठ लावायला सांगितलं. किल्ली लोणी. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी कासमभाई गडग्यावर बसले आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. मग समजावून सांगितलं. गाडी चढावर तोंड करून उभी, रिव्हर्समध्ये. तिचा सगळा भार मागे ओढतो, तो गिअरच्या दात्यांवर येतो, दात्यांवरून सळईवर, सळईवरून त्या खिटीवर. खिटी नवी असताना सोसत होती. आता ती झिजलीय, खारी हवा खाऊन फुगलीय, भार आला की आवळून बसते. गाडी मागून बोटभर वर रेटली की भार सुटतो. चाकामागे पाचर सारली की सुटलेलाच राहतो. मग दोन वर्षांच्या पोरानेही किल्ली फिरवावी.

एवढंच. हातात काही असावं लागत नाही. पाठीत असावं लागतं.

"आणि ते पुटपुटणं?" मी विचारलं.

कासमभाई हसायचे थांबले. "रेटताना माणसाचा तोंड बंद राहत नाय, नर्सबाय. कण्हत असतील."

दादा, मी तिथेच चिरेबंदी पायरीवर बसले. दुःखाने नव्हे. बावीस दिवसांपूर्वीची ती सकाळ माझ्यापुढे नीट, क्रमाने उभी राहिली, आणि तिचा अर्थ मला तेव्हा कळला.

जुबेदाचा दीर धापा टाकत आला होता, वहिनीच्या पोटात दुखायला लागलंय म्हणून. आठवा महिना. मी पिशवी भरायला घेतली. तू अंथरुणावर. आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतं, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. मी म्हटलं, "तू झोप. गाडी मी नेते. फक्त कुलूप कसं ते सांग."

तू उठून सदरा घातलास.

"दादा, सांग फक्त."

"तुला नाही जमायचं. मी सोडवून देतो, तू ने."

"मला जमेल. सांग तर."

"कुशे, वेळ घालवू नको."

आणि तू मागे गेलास. गडग्याला पाय लावलास. मी पुढे बसून वाट बघत होते, तू येऊन किल्ली फिरवशील म्हणून. तुझं पुटपुटणं मला ऐकू आलं. नंतर ते थांबलं. मला वाटलं, झालं. मी हाक मारली. मागे वळले तेव्हा तू मडगार्डाशी बसलेला होतास, पाय तसेच गडग्याला टेकलेले.

मी पुढे बसले होते, दादा. किल्ली माझ्या हातात होती. तू रेटत असताना मी नुसती ती फिरवली असती तरी काम झालं असतं. दिराला सांगितलं असतं तर तो विशीतला गडी एका हाताने गाडी रेटता. आपण तिघं होतो. पण तू कुणालाच बोलवलं नाहीस, कारण बोलावलं असतं तर कळलं असतं.

आणि जुबेदाच्या त्या कळा खोट्या होत्या. दुपारी आपोआप थांबल्या.

तुझ्या जाण्यावर लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, दुसऱ्याच्या कामाला जाताना गेला. मी मान डोलावली. आता डोलावणार नाही. तू दुसऱ्याच्या कामाला जाताना गेला नाहीस, तू एक क्षुल्लक गोष्ट लपवताना गेलास. आणि त्याचं कारणही मला आज कळतंय, ते मला जास्तच झोंबतं. मला लायसन मिळालं, गाडी यायला लागली. कुलूपही आलं असतं तर तू घरी बसला असतास. तुला भीती वाटली की मग तुला कोण विचारणार. वेड्या, मी विचारणार होते. बाळंतपण उरकून बाहेर आले की दारात कुणीतरी हवं असतं. ते काही किल्लीवर अवलंबून नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी दोन वाक्यं राहिली, माझं एक. तेव्हा फार शहाणपण मीही सांगू नये.

गाडीची बॅटरी उतरलेली, म्हणून कासमभाईंनी हँडल मारून इंजिन चालू करून दिलं. जाताना विचारलं, "मग तोडायचा का कुलूप?"

"सध्या राहू दे," मी म्हटलं. "तोडण्यात महिना जाईल. मला उद्या जायचं आहे."

हे एवढं काल लिहून झालं.

आज सकाळी उजाडताच गाडी काढली. एकटीने, पाठीने रेटून आणि चाकामागे पाचर सारून. हातखंब्याच्या रस्त्याला दोन एस्ट्या भेटल्या. दुसरीचा ड्रायव्हर मला बघून इतका वाकला की त्याचीच गाडी गटाराकडे गेली. वाडीच्या वर रस्ता संपतो तिथे गाडी वळवली, तोंड चढाकडे केलं, रिव्हर्स टाकून इंजिन बंद केलं. म्हणजे कुलूप लागलंच.

जुबेदा ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं आणि रडायला लागली. "बाय, माझ्यापायी तुमचा भाव गेला."

"तुझ्यापायी नाही," मी म्हटलं. "त्याच्या त्याच्यापायी गेला. डोळे पूस आणि दोन लुगडी बांध. बाळंत होईपर्यंत तू माझ्या घरी राहायचंस. तिथून इस्पितळ हाकेवर आहे."

अमिनाबी आतून आली, कमरेवर हात ठेवून. "दिवस भरायचे हायत अजून. आणि वाटेत ती गाडी अडली तर? मंतर तर तुझ्या भावाबरोबर गेला म्हणतात."

"मंत्र नव्हता. या माझ्याबरोबर."

तिला गाडीच्या मागे उभं केलं. पाय दगडाला लावायला सांगितला, पाठ मडगार्डाला. ती बाई साठीची, पण अजून लाकडाची मोळी डोक्यावरून आणते. मी पुढे बसले. "रेटा," म्हटलं. तिने एकदाच रेटलं, आणि किल्ली फिरली. दांडा न्यूट्रलला घेतला, पाय ब्रेकवर ठेवून इंजिन चालू केलं. अमिनाबी पुढे आली. खिडकीतून तिने कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढाच?"

"एवढंच."

"मग तो मेला कशाला?"

मी जुबेदाला पुढे बसवलं, तिच्या कमरेमागे उशी सारली, अमिनाबीला बोचक्यासकट मागे चढायला सांगितलं. क्लच दोनदा दाबला आणि गाडी चढाला लावली.